ओटीपी कुठं येणार?

(तासगावच्या बुद्धविहारात ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. कुठं घसरलो असेन तर तेही तसंच ठेवलंय.)

जयभीम.

मित्रहो, मला विषय दिलाय ‘मोबाईल, ताण आणि कॉलेजची पोरं’. या विषयावर बोलणाऱ्यांची हल्ली एक जमातच तयार झालीय. कोट घालतात, कॉलरला माईक लावतात आणि दीड तासात तुमचं आयुष्य बदलून देतात. मी तासिका तत्त्वावर महिनाभर घसा फोडून जेवढं मिळवतो त्याहून त्यांचं एका भाषणाचं मानधन जास्त. हे मत्सरानं बोलतोय असं समजा, हरकत नाही.

असेच एक गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी मी शिकवतो त्या कॉलेजात आले. कॉलेजचं नाव सांगत नाही, पुढच्या वर्षीपण मला तास पाहिजेत. गृहस्थ म्हणाले, तुमचा सगळा ताण त्या चार इंची डबीतून येतो. रात्री नऊला मोबाईल कपाटात ठेवा, कुलूप लावा, किल्ली आईकडं द्या. मग डोळे मिटायला लावले, आईबापाचे कष्ट आठवायला लावले. मागं सनई वाजत होती. पोरी रडल्या, पोरं नाक पुसायला लागली, फोटो निघाले. सगळं यथासांग झालं. प्रश्न विचारा म्हणाले, तर कोण विचारतंय? पण शेवटच्या रांगेतली एक पोरगी उठली. आपल्यातलीच. म्हणाली, “सर, मोबाईल कपाटात ठेवला तर ओटीपी कुठं येणार?”

अख्खा हॉल हसला. गृहस्थ पण हसले, ‘स्मार्ट’ म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

मला हसू आलं नाही. त्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तिसऱ्यांदा माघारी आला होता हे मला माहीत होतं. तिचं आधार जोडलेलं बापाच्या नंबरला. बाप पुण्यात बांधकामावर, बाराव्या मजल्यावर पाट्या वाहतोय. इकडं पोरगी कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात नंबर लावून बसणार, ओटीपी तिकडं बापाच्या खिशात वाजणार. बापानं हात पुसून, चष्मा शोधून, आकडे वाचून सांगेपर्यंत मुदत गेलेली. पुन्हा ‘रिसेंड’. मुकादम बापाला शिव्या देणार, दुकानदार पोरीला. आणि हे कोटवाले सांगणार की मोबाईल कपाटात ठेव म्हणजे ताण जाईल!

म्हणून मी आज पहिल्यांदा हे विचारणार, की मोबाईल कुणाचा? ज्याच्या घरी माणशी एक आहे, वर लॅपटॉप आहे, भिंतीला वायफाय चिकटवलंय, त्याला मोबाईल म्हणजे चैन. ती त्यानं कमी करावी, त्याच्या डॉक्टरनं त्याला सांगावं. २०१७-१८ साली सरकारनंच देशभर नमुना पाहणी केली. खेड्यातल्या १०० घरांपैकी साधारण ४ घरांत कॉम्प्युटर होता, शहरातल्या १०० पैकी २३ घरांत. इंटरनेट खेड्यातल्या १५ घरांत, शहरातल्या ४२ घरांत. या आकड्यांवर दोन वर्षांनी टाळेबंदी आली आणि एका रात्रीत फर्मान निघालं की शिक्षण आता ऑनलाइन.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. परीक्षा घ्यायची का नाही यावर मुंबई-दिल्लीचं भांडण लागलं. ६ जुलैला यूजीसी म्हणाली घ्यायचीच, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्ट म्हणालं परीक्षेशिवाय पदवी नाही. झालं, ऑक्टोबरात पेपर लागले.

पुण्या-मुंबईहून आलेल्या मित्रांना ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तुम्ही खाता ती द्राक्षं आणि तुमच्या शिऱ्यातला बेदाणा इथनं जातो. बागेची छाटणी वर्षातनं दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची, आणि ते काम बाया करतात, मान वर करून, दिवसभर. माझी आई आणि बहीण त्यावर होत्या. बाग आमची नाही. तालुक्यात एवढी द्राक्षं, पण आमच्या वस्तीत बागवाला कोण निघतोय का बघा.

घरात मोबाईल एक. त्यावर बहिणीची दहावीची शाळा. त्यावरच माझा पेपर. घरात पत्र्याखाली रेंज नाही, म्हणून मी बागमालकाच्या शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून डोक्यावर आईचं फडकं, घुंगटासारखं. मालक खालून ओरडला, “काय रं, परीक्षा हाय का पबजी?” पबजी महिन्याभरापूर्वीच सरकारनं बंद केला होता, पण मालकाशी वाद कुठं घालता!

तेविसाव्या प्रश्नाला स्क्रीन पांढरी झाली आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी उभा राहिलो, मोबाईल वर धरला, बांधावर इकडनं तिकडं पळालो. खालून बाया बघायला लागल्या. त्यांत माझी आई, हातात पेस्टचा डबा. तिला वाटलं साप निघाला. अकरा मिनिटांनी प्रश्न परत दिसला. घड्याळ मात्र थांबलेलं नव्हतं.

पास झालो. मार्क बरे पडले. उलट आम्हाला ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवलं, फुकटात पास झालेली पोरं म्हणून. पण त्या दिवसापास्नं माझ्यात एक खोड राहिली. कुठंही ते चक्र फिरताना दिसलं, बँकेत, रेल्वेच्या तिकिटाला, की छातीत धडधडतं, हाताला घाम येतो. हसू नका. पुस्तकात याला ‘स्ट्रेस’ म्हणतात. आमच्याकडं तो बागेच्या बांधावर लागला.

आता त्या पोर्टलचं बोलू. पूर्वी शिष्यवृत्तीचा फॉर्म कागदाचा होता. क्लार्क खेकसायचा, पण क्लार्कला तोंड होतं. त्याच्या टेबलापुढं दहा पोरं जाऊन उभी राहिली की तो वर बघायचा. आता महाडीबीटीचं पोर्टल आहे. जातीचा दाखला चढवा, उत्पन्नाचा दाखला चढवा, मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग समाजकल्याणच्या लॉगिनला. तिथनं ‘सेंड बॅक’. का, तर दाखला अस्पष्ट. पुन्हा चढवा. पास झालाच तर खातं आधारला जोडलेलं पाहिजे. जोडलेलं असेल तर भलत्याच खात्याला जोडलेलं असतं, जे आईनं बचत गटासाठी कधीतरी काढलं होतं. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याच्या घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्याच्यासाठी. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त क्लिक.

यात भांडायचं कुणाशी? स्क्रीनशी? कॉलेज म्हणतं आमच्याकडनं पुढं गेलाय, समाजकल्याण म्हणतं वरनं निधी नाही, वरचे म्हणतात पोर्टल बघा. तोवर फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडवतो. २०२१ पासनं केंद्राचा ६० टक्के वाटा थेट पोरांच्या खात्यात यायला लागला. ऐकायला चांगलं. पण पैसे उशिरा आले की तगादा पण आता थेट पोराला. मी दिवसातनं वीस-वीस वेळा ते पोर्टल उघडायचो. सकाळी तोंड धुवायच्या आधी, रात्री दोनला जाग आल्यावर. त्यातनं काही हलत नाही हे मला माहीत होतं. तरी उघडायचो. याला कुणी मोबाईलचं व्यसन म्हणणार असेल तर मी त्याच्या थोबाडीत मारीन. (इथं टाळ्या पडल्या. मारणार नाही, पण बोललो खरं.)

आज ७ नोव्हेंबर. १९०० साली याच तारखेला सातारच्या सरकारी शाळेत, आज जिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तिथं, इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर या पोराचं नाव घातलं गेलं. रजिस्टरला नंबर १९१४. तो पोरगा वर्गात कशावर बसायचा, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. घरनं नेलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवायचा नाही, म्हणून ते रोज घरी न्यायचं, रोज आणायचं.

शहरात एम.ए.ला गेलो तेव्हा मला वाटलं गोणपाट गेलं. बाकावर बसतोय, कॅन्टीनला एका टेबलावर चहा पितोय. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात मी पण होतो. चार महिन्यांनी एका पोराकडनं चुकून एक स्क्रीनशॉट आला. तेव्हा कळलं की खरा ग्रुप दुसराच आहे. नोट्स तिथं, जुने पेपर तिथं, कुठले सर काय विचारणार ते तिथं, सहल तिथं ठरणार. त्या ग्रुपात आम्ही चौघं नव्हतो. आणि स्क्रीनशॉटमध्ये आमचा विषय होता. ‘सरकारचे जावई.’ हॉस्टेलच्या यादीतल्या आमच्या नावांवर लाल गोल मारलेले, खाली हसणारी तोंडं. हसणाऱ्यांत एक पोरगी होती जिला मी आदल्याच दिवशी माझी वही दिली होती.

शिवाशिव तोंडावर झाली तर माणूस पेटून उठतो, निदान शिवी तरी हासडतो. पण ज्या खोलीला दारच दिसत नाही तिचं दार फोडणार कसं? मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वही परत घेतली, एवढंच.

डॉ. पायल तडवी तुम्हाला माहीत आहे. जळगावकडची, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. २२ मे २०१९ ला गेली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. घरच्यांच्या तक्रारीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होणाऱ्या अपमानाचापण उल्लेख होता. ड्यूटी संपली तरी खिशात अपमान चालूच. आणि हैदराबादचा रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६. महिन्याला २५,००० ची फेलोशिप सात महिने थकली होती. त्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, दोघी मिळून २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या. पोरं गेल्यावर. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, ही सरकारी नोंद आहे. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, १,७६४. त्यातले आपले किती, हा रकाना मला त्या नोंदीत सापडला नाही. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. नेमू दे. आपण आपलं बोलू.

आपलं बोलायचं तर मला आता माझं सांगायला लागणार. हे मी वस्तीत कधी बोललेलो नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझं वाचन बंद पडलं. मी वाचणारा माणूस. पुस्तक उघडलं की एकच ओळ दहादा वाचायचो, अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. मग मोबाईल उघडायचा. रात्री तीनपर्यंत बोट वर सरकवत राहायचं. लग्नातले नाच, मांजरं, कुणीतरी परदेशात भाकरी थापतोय. त्यात मजा नव्हती, काहीच नव्हतं. सकाळी लेक्चरला उठवायचं नाही. दिवाळीला घरी आलो तर आई म्हणाली, “बाबासायब अठरा-अठरा तास अभ्यास करत हुतं. दिव्याखाली. तुला लाईट हाय, पंखा हाय, मोबाईल हाय. तुला कसला ताण रं?”

आईनं वाईट म्हणून नाही म्हटलं. तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेत मान वर करून काम केलं ते याच एका वाक्यावर. पण मित्रहो, ते वाक्य माझ्या छातीवर दगडासारखं बसलं. दर चौदा एप्रिलला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे कार्यक्रम घेतो. मी स्वतः भरवलेत. चांगले आहेत. पण त्यातनं वर्षभर आपण पोरांना काय सांगतो? की बाबासाहेब थकले नाहीत, तर तू थकणारा कोण?

तर बाबासाहेबांचं आपण नीट वाचू. १९१३ ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९१६ ला तिथनं लंडनला. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून माघारी यावं लागलं. सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट महायुद्धात बुडाली, पुस्तकं-कागदासकट. पेन ड्राइव्ह हरवला म्हणून आपण दोन दिवस जेवत नाही, तर हे बघा. १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले ते कशावर? सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातनं मागं टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी दोस्ताकडनं घेतलेलं कर्ज. १९२३ ला डी.एस्सी. म्हणजे बाबासाहेबांचीपण शिष्यवृत्ती अडली होती. त्यांचंपण शिक्षण मध्ये तीन वर्षं तुटलं होतं. त्यांनी दोस्ताकडं पैसे मागितले. आपल्या पोरांना हे आपण सांगतच नाही. अठरा तास तेवढे सांगतो.

मला दोस्तानंच उठवलं. रूम पार्टनर, वाळवा तालुक्यातला मातंगाचा पोरगा. एक दिवस म्हणाला, “चल, केसपेपर काढू.” मी म्हटलं, वेड्याचा डॉक्टर? तो म्हणाला, “माझ्या बापाला टीबी झाला तेव्हा टीबीचाच डॉक्टर बघितला का नाय?” सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाच्या बाकड्यावर आम्ही दोघं तीन तास बसलो. डॉक्टर बाईंनी झोप विचारली, भूक विचारली, मरायचे विचार येतात का हे सरळ विचारलं. मी हो म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी हो म्हटलं. गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलावलं. सात-आठ महिने लागले. पहिलं पुस्तक पुन्हा सलग वाचून झालं त्या दिवशी त्या पार्टनरला मी मिसळ चारली. तुमच्यातलं कुणी या वाटेवर असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, २०२२ पासनं चालू आहे, मराठीत बोलतात. आधी तो लावा, नाहीतर कुणाला तरी संगट घेऊन दवाखान्यात जा. आमच्या शेजारणीनं देवऋषी सुचवला होता. बौद्ध वस्तीत! तो विषय पुन्हा कधीतरी.

आता आपल्या पोरांना पण दोन शब्द. सगळं व्यवस्थेवर ढकलून मी टाळ्या घेणार नाही. आमच्या वस्तीतल्या एका पोराची शिष्यवृत्ती एकदाची जमा झाली, दीड वर्षाची एकदम. तीन रात्रीत रमीच्या अ‍ॅपवर उडवली. मग ती भरून काढायला कर्जाचं अ‍ॅप. हप्ता चुकला तसा त्या अ‍ॅपवाल्यांनी त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर काढून मामाला, मास्तरांना, बहिणीच्या सासरी मेसेज टाकले. पोरगं कॉलेजातनं गेलं, आता बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला बॉक्स उचलतंय. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. या पोरासाठी उशीर झाला. आणि असाइनमेंट यंत्राकडनं लिहून घेणाऱ्यांनो, मला कळतं. इंग्रजी येत नाही म्हणून चार वर्षं हिणवून घेतलेल्या पोरानं यंत्राकडनं इंग्रजी लिहून घेतलं तर मी त्याला चोर म्हणणार नाही. पण तोंडी परीक्षेला यंत्र येत नाही. ते लिहिलेलं निदान वाचून समजून घ्या, नाहीतर पुन्हा गोणपाटावरच.

यंत्राशी आपलं वैर नाही. इथनं जवळच नांद्रे आहे, राजा ढाल्यांचं गाव. त्यांच्या पिढीनं मुंबईत सायक्लोस्टाईलवर अनियतकालिकं काढली. शाईनं हात काळे व्हायचे, पण यंत्राभोवती चार-पाच जण उभे असायचे. कागद लावणारा एक, हँडल फिरवणारा एक, शिव्या देणारा एक. आपलं यंत्र खिशात मावतं आणि आपण त्यापुढं एकटे बसतो. पोर्टलपुढं एकटे, त्या दुसऱ्या ग्रुपपुढं एकटे, रात्री तीनला एकटे.

म्हणून इथल्या मंडळींशी बोलून एक ठरवलंय. याच विहारात दर रविवारी एक टेबल लावायचं. शिष्यवृत्तीचे, स्वाधारचे, हॉस्टेलचे फॉर्म तिथं एकत्र भरायचे. ज्याचा अर्ज ‘सेंड बॅक’ आला त्यानं आणायचा, आम्ही त्याची यादी करू, आणि अशा वीस अर्जांची यादी झाली की वीस जण मिळून सांगलीला समाजकल्याणच्या टेबलापुढं जाऊन उभे राहू. स्क्रीनला तोंड नसलं तरी ऑफिसला दार आहे. एक नोट्सचा ग्रुप काढू, त्यात सगळे, जी पोरगी हसली होती तिला पण घेऊ, यायचं असेल तर. दोन खुर्च्या बाजूला ठेवू, ज्याला नुसतं बोलायचंय त्याच्यासाठी. तिथं फॉर्म विचारणार नाही. दवाखान्यात संगट यायला माणूस पाहिजे असेल तर मी येतो, मला बाकडं माहीत आहे.

ती शेवटच्या रांगेतली पोरगी आज इथं आलीय. तिच्या बापाशी काल बोललो. रविवारी ते सुट्टी टाकून येतायत, तिचं आधार तिच्याच नंबरला जोडून घ्यायचं आहे.

तर रविवारी सकाळी दहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुक. आणि मोबाईल घेऊन या, चार्ज करून.

जयभीम.